चपलेचा वास, गार्डिनलची गोळी आणि वीस वर्षं राहून गेलेली एक दुरुस्ती

परवा बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर एक पोरगा फिट येऊन पडला. अकरावी-बारावीतला असेल. पाठीला दप्तर तसंच. दोन मिनिटांत शंभर माणसं गोळा झाली. एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. एक जण कांदा आणायला भाजीवालीकडं पळाला. तिसऱ्यानं त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. आणि चार-पाच जणांनी मोबाइल बाहेर काढले.

मी आणि रसवंतीवाला पुढं झालो, गर्दी मागं सारली, पोराला कुशीवर वळवलं. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले. तेव्हा चप्पलवाला गर्दीकडं बघून म्हणाला, "बघा, चप्पल लावली की उतरतंय!"

खरं असं आहे की बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपल्या आपणच थांबते. त्या वेळात तुम्ही चप्पल लावा, कांदा लावा नाहीतर हरिपाठ म्हणा, शेवटी जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. शेकडो वर्षं हा उपाय टिकला तो असा.

पण पोस्ट चपलेसाठी लिहीत नाहीये. थोड्या वेळानं त्या पोराची आई बाजारातून धावत आली. पिशवी खाली टाकली, पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, फोटो नका काढू. ह्याच्या बहिणीची बोलणी चालू हायत."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय. शब्द थोडे वेगळे होते, एवढंच.

२००४ सालची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच एका पेपरला तालुका वार्ताहर म्हणून लागलो होतो. रोज सकाळी पोलीस ठाण्यात जायचं, डायरी बघायची आणि बातम्या पाठवायच्या. उन्हाळ्यात एक बातमी पाठवली. 'विहिरीत पडून विवाहितेचा मृत्यू.' पाणी शेंदताना पाय घसरला, आकस्मिक मृत्यूची नोंद, अधिक तपास अमुक हवालदार करत आहेत. सहा ओळी. डायरीत होतं तेच उतरवलं.

आठ दिवसांनी त्या मुलीचा भाऊ मला शोधत आला. चहाच्या टपरीवर बसलो. म्हणाला, "साहेब, पाय घसरला नव्हता. तिला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या चालू होत्या तोवर चार वर्षं काही नव्हतं. लग्न ठरलं आणि आम्हीच गोळ्या बंद केल्या. सासरी डबी सापडली असती तर काय सांगणार?" मी वही काढली. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "छापू नका. धाकटीचं जमायचंय."

मी छापलं नाही. धाकटीचा विचार करून गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगायचं तर तेव्हा मलाही या आजाराबद्दल काडीची माहिती नव्हती. नाव-गाव न देताही लिहिता आलं असतं, हेही सुचलं नाही. नंतर वाचत गेलो. जे वाचलं ते आज सांगतो. जरा लांबण लागेल, पण बसा.

आपल्याकडं याला फेफरं, मिरगी, आकडी, फिट अशी नावं आहेत. शास्त्रातला शब्द अपस्मार. अपस्मार म्हणजे स्मृती निघून जाणं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत चिकित्सास्थानात उन्मादाचा एक अध्याय आहे आणि अपस्माराचा दुसरा, वेगळा. म्हणजे वेड वेगळं आणि फेफरं वेगळं, ही समज त्या काळात होती. एवढं लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

नटराजाची मूर्ती सगळ्यांनी पाहिली असेल. शंकराच्या पायाखाली एक बुटका पडलेला असतो. त्याचं नाव अपस्मार. देव त्याला मारत नाही, पायाखाली दाबून ठेवतो. मला तर त्यात या आजाराच्या उपचाराचंच चित्र दिसतं. बऱ्याच जणांचा आजार मुळासकट जात नाही, पण रोजच्या गोळीनं दबून राहतो. पाय उचलला की तो उठतो.

तिकडं ग्रीसमध्ये या आजाराला 'पवित्र आजार' म्हणत. देवाचा कोप समजत. साधारण २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्यानं त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की यात पवित्र काही नाही, आजार मेंदूचा आहे आणि लोकांना कारण कळत नाही म्हणून ते देवावर ढकलतात. शेळ्यांनाही असे झटके येतात, त्यांचं डोकं उघडून बघा, असंही तो सांगतो. पण लोक ऐकतात होय? पुढची दोन हजार वर्षं भूतबाधा, शाप आणि उतारे चालूच राहिले.

खरा उलगडा सुरू झाला लंडनमध्ये, १८६० ते १८८० च्या दरम्यान. जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन नावाचा डॉक्टर होता. त्याच्याकडं ना एक्सरे, ना स्कॅन. फक्त डोळे. त्यानं पाहिलं की काही रुग्णांची फिट अंगठ्यापासून सुरू होते, मग हात, मग चेहरा, असा तिचा प्रवास ठरलेला असतो. त्यावरून त्यानं ताडलं की मेंदूत शरीराच्या भागांचा नकाशा असला पाहिजे आणि काहीतरी खळबळ त्या नकाशावरून सरकत जात असली पाहिजे. मेंदूच्या करड्या भागातून अचानक, प्रमाणाबाहेर शक्ती सुटते ती फिट, अशी व्याख्या त्यानं केली. आजही ती फारशी चुकीची ठरलेली नाही.

आता सोप्या भाषेत सांगतो. मेंदूत सुमारे ८६ अब्ज पेशी असतात आणि त्या एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींनी आणि रसायनांनी बोलतात. आपला मंगळवारचा बाजार आठवा. हजारो माणसं एकाच वेळी बोलत असतात, पण प्रत्येकाचं वेगळं चालू असतं म्हणून व्यवहार होतो. समजा मिरचीवाल्यांच्या कोपऱ्यातून एक आरोळी सुटली आणि बघता बघता सगळा बाजार एका तालात तीच आरोळी देऊ लागला, तर? कुणाचं कुणाला ऐकू येणार नाही, सगळं ठप्प. फिट म्हणजे साधारण तसंच. मेंदूत पेशींना चेतवणारी व्यवस्था असते तशी आवर घालणारीही असते. गाडीच्या अॅक्सिलेटर-ब्रेकसारखं. ब्रेक कमी पडला की पेशी एकसाथ पेटतात. यात बाहेरचं काही अंगात येत नाही आणि पापाचा तर संबंधच नाही.

औषधाची गोष्ट जर्मनीतली. साल १९१२. आल्फ्रेड हाऊप्टमान हा तिशीतला डॉक्टर फ्रायबर्गच्या दवाखान्यात काम करायचा. असं सांगतात की तो अपस्माराच्या वॉर्डाच्या वरच राहायचा आणि रात्री रुग्णांना फिट आल्या की त्याची झोप मोडायची. म्हणून त्यानं त्यांना बाजारात नव्यानं आलेलं झोपेचं औषध दिलं. रुग्ण झोपले, आणि त्यांच्या फिटही कमी झाल्या, दिवसाच्यासुद्धा. ते औषध म्हणजे फिनोबार्बिटोन. आपल्याकडं जुनी माणसं ज्याला 'गार्डिनलची गोळी' म्हणतात ती हीच. ती मेंदूचा ब्रेक घट्ट करते. पुढं १९३८ मध्ये बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन शोधलं, म्हणजे आपली एप्टॉइन. शंभर वर्षांपूर्वीची गार्डिनल आजही जगात चालते, आणि ती अगदी स्वस्त आहे.

मेंदूतली वीज प्रत्यक्ष कागदावर उतरवली तीही जर्मनीतच, येना शहरात. हान्स बर्गर हा मानसोपचार डॉक्टर. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला, तोफेच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली. बहिणीला वाटलं होतं की भावाला काहीतरी झालंय. एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत काही पोचतं का, या ध्यासानं तो आयुष्यभर खपला. तसं काही सापडलं नाही. पण १९२४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावरून त्यानं मेंदूच्या विजेची नोंद घेतली. ती माणसाची पहिली ईईजी. १९२९ मध्ये त्यानं ती प्रसिद्ध केली, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियननं तपासून दाखवलं, मग जगानं मानलं. आज आपण सोलापूरला जाऊन डोक्याला वायरी लावून पट्टी काढून आणतो, ती या माणसाची देणगी.

पण ही गोष्ट इथं संपत नाही.

१९३३ मध्ये हिटलरच्या सरकारनं एक कायदा केला. ज्यांचे आजार आनुवंशिक ठरवले जातील त्यांची सक्तीनं नसबंदी करायची. त्या यादीत अपस्मार होता. त्यासाठी खास न्यायालयं नेमली आणि सुमारे चार लाख माणसांवर त्या कायद्याखाली नसबंदी लादली गेली. आणि येनाच्या अशाच न्यायालयात कोण बसत होतं? हान्स बर्गर. अपस्मार म्हणजे मेंदूतल्या विजेचा बिघाड, हे दाखवणारं यंत्र ज्यानं दिलं तोच. दुसरीकडं गोळी शोधणारा हाऊप्टमान ज्यू होता. त्याची नोकरी गेली, १९३८ मध्ये त्याला छळछावणीत टाकलं, सुटल्यावर तो देश सोडून अमेरिकेला गेला आणि तिथंच वारला.

शास्त्र पुढं गेलं की समाज आपोआप शहाणा होतो, असं मला शाळेत वाटायचं. हे वाचल्यापासून वाटत नाही. आणि फक्त जर्मनीला नावं ठेवायला नकोत. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत अपस्मार असलेल्यांना लग्नाची बंदी होती, काही ठिकाणी नसबंदीचे कायदे होते. त्यातला शेवटचा लग्नबंदीचा कायदा १९८० मध्ये गेला. इंग्लंडमधला १९७० मध्ये.

आणि आपल्याकडं? हे मात्र नीट वाचा, कारण हे मला २००४ साली माहीत असायला हवं होतं.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. मूळ कायद्यात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ मध्ये दुरुस्ती झाली आणि लग्नाच्या अटींत वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या जोडीला अपस्मारही टाकला गेला. वेड आणि फेफरं, एकाच ओळीत. चरकानं जे दोन अध्यायांत वेगळं ठेवलं होतं ते आपण दोन हजार वर्षांनी एकत्र बांधलं. तेसुद्धा कधी, तर ईईजी आणि चांगल्या गोळ्या हातात आल्यावर. त्याचा अर्थ असा की जोडीदाराला वारंवार फिट येतात एवढ्या कारणावर लग्न रद्द करून मागता येत होतं. विशेष विवाह कायद्यातही तेच. डॉक्टर आणि इंडियन एपिलेप्सी असोसिएशन यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी डिसेंबर १९९९ मध्ये दोन्ही कायद्यांतून अपस्मार हा शब्द काढला गेला.

डिसेंबर १९९९. म्हणजे ती मुलगी विहिरीत पडली तेव्हा कायदा बदलून चार वर्षं उलटली होती. तिच्या घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आमच्यासारखेच ना.

या आजारानं मेंदूशास्त्राला काय दिलं तेही सांगायला हवं. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचा सर्जन होता. तो रुग्ण जागा असतानाच मेंदूवर शस्त्रक्रिया करायचा, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही. बारीक विजेचा स्पर्श करून विचारायचा, काय वाटतंय? कुणाचा अंगठा हलायचा, कुणाला जुनं गाणं ऐकू यायचं. जॅक्सननं ताडलेला नकाशा पेनफिल्डनं असा प्रत्यक्ष काढला.

दुसरं नाव हेन्री मोलायसन. अमेरिकेतला कामगार. फिट इतक्या की जगणं अशक्य झालेलं. २५ ऑगस्ट १९५३ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढला. फिट कमी झाल्या, पण त्या दिवसापासून त्याची नवी आठवण बनेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की त्याच्यासाठी नवे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेनं त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे काल केलंय हे त्याला रोज पटवून द्यावं लागे. म्हणजे हाताची आठवण वेगळ्या जागी आणि घडलेल्या गोष्टीची आठवण वेगळ्या जागी साठते, हे जगाला त्याच्यामुळं कळलं. हा माणूस पंचावन्न वर्षं शास्त्रज्ञांना तपासू देत राहिला. २००८ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करून जतन केले. आज आपल्याकडं विसराळूपणाच्या आजाराबद्दल डॉक्टर जे समजावून सांगतात, त्यात या एका फिटच्या रुग्णाचा वाटा आहे.

हल्लीचं काम तर आणखी पुढं गेलंय. २००१ मध्ये तान्ह्या बाळांना होणाऱ्या एका अवघड अपस्माराचं मूळ एका जनुकात सापडलं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूत फिट सुरू होताच ओळखून, ठरावीक पेशींवर प्रकाश टाकून ती थांबवून दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेत एका छोट्या यंत्राला परवानगी मिळाली. ते कवटीत बसवतात, ते मेंदूची वीज सतत वाचतं आणि गडबड दिसली की सौम्य झटका देऊन आवरतं. २०२४ मध्ये एका फळमाशीच्या सगळ्या मेंदूचा नकाशा पूर्ण झाला, जवळजवळ एक लाख चाळीस हजार पेशींचा. माणसाच्या ८६ अब्ज पेशी अजून लांब आहेत, पण रस्ता सापडलाय.

आपल्या देशातलं एक संशोधनही अभिमानानं सांगण्यासारखं आहे. पूर्वी फिट आलेल्या कित्येकांच्या स्कॅनमध्ये छोटी गाठ दिसायची आणि ती टीबीची समजून टीबीची औषधं चालू व्हायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या राजशेखर आणि चँडी या डॉक्टरांनी दाखवलं की यातल्या बऱ्याच गाठी टीबीच्या नसून डुकरातल्या पट्टकृमीच्या असतात आणि पुष्कळदा आपोआप विरतात.

इथं एक गैरसमज दूर करतो. 'कोबीतली अळी मेंदूत जाते' असं आपल्याकडं बायकाच काय, शिकलेले पुरुषही सांगतात. ती हिरवी अळी मेंदूत जात नाही. ज्या माणसाच्या पोटात हा पट्टकृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी मातीत आणि पाण्यात जातात, तिथून न धुतलेल्या भाजीवर येतात. म्हणून आयुष्यात मटणाला हात न लावलेल्या माळकऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो. म्हणजे नाल्याच्या पाण्यावरची भाजी आणि उघड्यावरचा संडास हा मेंदूच्या आजाराचासुद्धा प्रश्न आहे. पुढच्या ग्रामसभेत कुणी शौचालयाचा विषय टाळला तर हे त्यांना जरूर सांगा.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि वेळेवर निदान आणि नियमित औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. ७० टक्के! मुलगी, जिची मी सहा ओळींत बातमी केली, ती बहुधा या ७० टक्क्यांतली होती. चार वर्षं तिला एकही फिट आली नव्हती.

म्हणून हात जोडून काही गोष्टी सांगतो.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली, पहिल्यांदाच आली असेल किंवा बाई गरोदर असेल तर १०८ ला फोन करा. चप्पल पायातच असू द्या.

गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. लग्न ठरलं म्हणून तर अजिबात नाही. अचानक बंद केली की फिट जास्त जोरानं उलटते, जिवावर बेतते. दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला, काही औषधं बदलावी लागतात. पण अपस्मार असलेल्या असंख्य बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात.

फिट येणाऱ्या माणसाला विहिरीवर, तळ्यावर, चुलीजवळ एकटं पाठवू नका. निदान गोळ्यांचा गुण येईपर्यंत तरी.

आणि लग्नाआधी समोरच्यांना सांगा. कायदा आता तुमच्या विरोधात नाही. लपवलेली डबी मात्र रोज भीती घेऊन येते. ज्यांच्या घरात मुलगी द्यायची किंवा आणायची आहे त्यांनाही सांगतो, साखरेची गोळी घेणारा जावई चालतो, बीपीची गोळी घेणारी सून चालते, मग या गोळीनं काय घोडं मारलंय?

या गोळ्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. आपल्या सरकारी दवाखान्यात त्या बारा महिने आहेत की नाहीत, हे मी दर महिन्याला विचारणार आहे आणि इथं लिहिणार आहे. १७ नोव्हेंबर हा आपल्याकडं राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी शाळेत कुशीवर वळवायचं प्रात्यक्षिक ठेवायचं असेल तर मला कळवा, डॉक्टरांना गाठून आणायची जबाबदारी माझी.

त्या पोराला आणि आईला आम्ही गाडीत बसवून दिलं. जाताना तिनं पुन्हा विचारलं, "भाऊ, पेपरात नाही ना येणार?" मी म्हटलं, "ताई, नाव नाही येणार."

आणि २००४ च्या त्या बातमीत एक दुरुस्ती. पाय घसरला नव्हता.